दोन तासांत चार हजार

“दोन तासांत चार हजार पिल्लांना लस देऊन होते,” एका पोल्ट्रीवाल्याने सहज सांगितलं. मला ते पटेना, म्हणून सिन्नरकडच्या त्याच्या शेडवर उजाडायच्या आत पोचलो. पिल्लं सात दिवसांची. आत भाताचं तूस, शेगडीचा धूर आणि कान किटवणारी चिवचिव.

लस लासोटा, राणीखेत रोगावरची. गावात या रोगाला मानमोडी म्हणतात. आधी घरघर, चोच उघडी टाकून श्वास, हिरवी हगवण, मग मान पिळवटते. जहाल विषाणू लस न दिलेल्या शेडमध्ये शिरला, तर शेड रिकामी करून जातो.

सुपरवायझरने बर्फातून बाटल्या काढून निळ्या द्रावणात लस कालवली. त्यातला विषाणू जिवंत असतो आणि उष्णतेने मरतो, म्हणून ती दोन तासांत संपवायची. बायका चार, प्रत्येकीला हजार डोसांची बाटली. म्हणजे पकडणं, थेंब, सोडणं धरून एका पिल्लाला जेमतेम सात सेकंद! वर मजुरी हजार पिल्लांमागे.

तिघींचे हात यंत्रासारखे चालले होते. थेंब पडला की पिल्लू पत्र्यापलीकडे. कोपऱ्यातल्या मावशी मात्र थांबायच्या. डाव्या मुठीत पिल्लू, एक डोळा वर, ड्रॉपर डोळ्याला न टेकवता थेंब. मग पापणी मिटून उघडेपर्यंत मूठ तशीच. “नायतर थेंब गालावरून तुसात जातो,” त्या म्हणाल्या. “तुसाला काय मानमोडी व्हायचीय?”

त्यांच्या त्या थांबण्यातच लसीकरण होतं, असं माझं मत झालं. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात, घशात उतरतो. डोळ्यामागच्या ग्रंथीत प्रतिकारद्रव्यं तयार होतात, म्हणजे रोग ज्या वाटेने येतो तिथेच पहारा बसतो. थेंब उतरला की जीभ निळी दिसते. मावशींनी सोडलेली काही पिल्लं उचलून चोची उघडून पाहिल्या. सगळ्या जिभा निळ्या. बाकी तिघींनी सोडलेली पाहिली, तर मधूनच एखादी गुलाबी निघायची. सुपरवायझरला दाखवली. “पुढं पाण्यातनं बूस्टर आहेच की,” तो म्हणाला.

आहे, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पाण्यात क्लोरीन नको, दूध पावडर घालायची, त्याआधी पिल्लं तहानलेली ठेवायची. पण तोवर त्या गुलाबी जिभांचं काय?

दोन तास भरत आले, तेव्हा तिघींच्या बाटल्या रिकाम्या होत्या. मावशींपुढे अजून शंभरेक पिल्लं होती. सुपरवायझरने घड्याळ पाहिलं, बॅचच्या कार्डावर ‘लासोटा, 4000’ लिहिलं आणि सही ठोकली.