हार्ड डिस्क उडाली, की उपाशी आहे?

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप कपाटातून काढायचा, त्याला दोन टेराबाइटची नवी, खिशात मावणारी हार्ड डिस्क लावायची आणि जुने फोटो एकदाचे हलवून मोकळे व्हायचे, असा बेत सुट्टीत बऱ्याच घरांत होतो. डिस्कचा दिवा लागतो. आत काहीतरी फिरू लागल्याची बारीक घरघर येते, मग ‘टिक’, मग शांतता. पुन्हा घरघर, पुन्हा ‘टिक’. स्क्रीनवर मात्र काहीच उमटत नाही. घरातला जाणकार निकाल देऊन टाकतो : उडाली!

निकाल जरा घाईचा आहे. आतल्या फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणारे हेड बिघडले की डिस्क टिकटिकते हे खरे, पण पोट रिकामे असले तरी ती तशीच टिकटिकते. लॅपटॉप जुना असेल तर संशय आधी पोटावरच घ्यावा.

अशा डिस्कला वेगळा चार्जर नसतो, तिची सगळी वीज यूएसबीच्या केबलमधूनच येते. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टने नियमानुसार द्यायची वीज म्हणजे 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर, अर्थात अडीच वॉट. यूएसबी 3.0 मध्ये ही मर्यादा 900 मिलिअँपिअर झाली. डिस्क एकदा फिरू लागली की अडीच वॉटांत तिचे भागतेही, अडचण असते ती सुरुवातीची. थांबलेली तबकडी मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या वेगापर्यंत न्यायची तर मोटर काही क्षण एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. बरेच लॅपटॉप नियमापेक्षा थोडे जास्त देतात म्हणून गाडी निघते, काही देत नाहीत. एकच डिस्क एका लॅपटॉपवर चालते आणि दुसऱ्यावर रुसते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

त्यात केबलची भर पडते. लांब, बारीक तारेच्या केबलचा रोध अर्धा ओहम धरा. एक अँपिअर प्रवाहाला ओहमच्या नियमाने अर्धा व्होल्ट वाटेतच जिरला. पोर्टवर पाच असलेले व्होल्ट डिस्कपाशी साडेचार झाले, आणि अशा डिस्कला साधारणपणे पावणेपाचच्या खाली चालत नाही.

मग आत काय होते ते मोठे बघण्यासारखे आहे. हेड तबकडीला टेकत नाही. फिरण्याने तयार झालेल्या हवेच्या थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगते. वेग पडला तर ते खाली बसेल आणि पृष्ठभाग खरवडेल. म्हणून व्होल्टेज घसरताच डिस्क हेड मागे घेते आणि तबकडीच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या उतारावर चढवून ठेवते. वीज पुरती गेली तरी हे होते, कारण फिरत राहिलेली मोटर त्या क्षणी जनित्र बनते आणि हेड परत आणण्यापुरती वीज स्वतःच पुरवते. इंजिनिअरिंगमधल्या इतक्या सुंदर युक्त्या फार थोड्या असतील. उपाशी डिस्कची टिकटिक म्हणजे बहुधा हेडची हीच ये-जा.

उपाय साधे आहेत. पहिला म्हणजे केबल बदला : आखूड आणि जाड घ्या. यूएसबी 3.0 डिस्कच्या रुंद खाचेत जुन्या फोनची मायक्रो यूएसबी केबलही अर्ध्या भागात बसते आणि चालते, पण तीही धड हवी, नुसती चार्जिंगची नको. दुसऱ्या बाजूचे पोर्ट वापरून पाहा. काही लॅपटॉपमध्ये एका बाजूची पोर्ट मदरबोर्डवर असतात आणि दुसऱ्या बाजूची पातळ पट्टीने जोडलेल्या वेगळ्या तुकड्यावर. तरीही जमले नाही तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब घ्या. दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची केबलही मिळते. ती यूएसबीच्या नियमपुस्तकात बसत नाही, पण काम करते. मात्र दोन्ही तोंडे लावायची.

डिस्क चालू झाली पण कूर्मगतीने चालते, ही तक्रार सोडून द्या. यूएसबी 2.0 वर सेकंदाला 30 मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ. त्या हिशेबाने शंभर गिगाबाइटला तासभर लागणारच.

फिरते, आवाजही स्वच्छ आहे, तरी ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही, असे असेल तर विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट उघडा. कधी नुसते ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नसते, ते देऊन टाकले की झाले. कधी दोष लॅपटॉपच्या वयाचा असतो. विभागणीच्या जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा, पत्ता 32 बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे 429 कोटी सेक्टर. प्रत्येकी 512 बाइट धरले तर साधारण 2.2 टेराबाइटला मोजदाद संपते. त्यापुढच्या डिस्कसाठी जीपीटी ही नवी पद्धत आली, आणि 32 बिटांच्या विंडोज एक्सपीला ती वाचताच येत नाही. एक्सफॅट या फाइल-मांडणीसाठीही एक्सपीला वेगळे अपडेट टाकावे लागते.

अशा वेळी ‘फॉरमॅट करायचे का?’ किंवा ‘इनिशिअलाइझ करा’ असा प्रश्न समोर येतो. माझ्या मते संगणकाने माणसाला विचारलेला हा सर्वांत घातक प्रश्न आहे. लॅपटॉपला अक्षरओळख नाही, म्हणून तो पाटी कोरी आहे असे समजतो. ‘कॅन्सल’ दाबा आणि डिस्क नव्या संगणकाला लावून पाहा. तिथे फोटो उघडले तर डिस्क ठणठणीत आहे.

तिथेही, पुरेशा विजेवर, टिकटिक चालूच राहिली तर मात्र हेड खरोखर अडखळत आहे. मग पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, प्रत्येक प्रयत्नात तबकडी खरवडली जाऊ शकते. फ्रीजरचा तोडगा कुणी सुचवेल, तो ऐकू नका : बाहेर काढताच आत दव धरते. टिकटिक नाही, पण फायली अडकत उघडतात, असे असेल तर डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांमध्ये बदली दिलेल्या आणि वाचायच्या राहिलेल्या सेक्टरांचे आकडे बघा. ते वाढत असतील तर दुरुस्तीची साधने चालवण्याआधी नक्कल काढा. डीडीरेस्क्यूसारखी साधने सहज वाचता येणारा भाग आधी उचलतात आणि अवघड जागा शेवटी घेतात.

एक जुनी क्लृप्ती आता सरसकट चालत नाही. पूर्वी डबी उघडून आतली साटा डिस्क दुसऱ्या केसमध्ये घातली की पोर्टचा प्रश्न सुटे. आज अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट डिस्कच्या सर्किटवरच डाग दिलेली असते, वेगळे साटा तोंड नसतेच. त्यामुळे खाच हलत असेल, केबल जरा तिरकी केल्यावरच दिवा लागत असेल, तर नक्कल आजच काढा. खाच पुरती निखळली तर त्या सर्किटवर काम करणारा कारागीर शोधावा लागेल.