छायाचित्रामागचे नाव

आमच्या भिवंडीच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात जुने दस्तऐवज, दोन जपमाळा, एक मोडका चष्मा आणि कापडात गुंडाळलेली काही छायाचित्रे होती. त्यांतील एक छायाचित्र मला लहानपणापासून फार आवडे. त्यात रेल्वेचा फलाट दिसतो. मागे आगगाडीचा डबा उभा आहे आणि पुढे अकरा माणसे उभी आहेत. मधोमध गळ्यात हार घातलेले माझे आजोबा आहेत. ते काशीयात्रेस निघाले होते. त्यांच्यापुढे परकर-पोलके नेसलेली एक चिमुरडी उन्हामुळे डोळे किलकिले करून पाहत आहे. ती माझी आत्या. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून एक उंच, दाढीवाले गृहस्थ उभे आहेत. त्यांच्या डोक्यावर गोल टोपी आणि कमरेला लुंगी आहे.

हे छायाचित्र भिवंडीत काढलेले नाही. ते कल्याण स्थानकात काढलेले आहे. भिवंडीकराला निरोप देण्यासाठी मंडळी कल्याणास का जमली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

भिवंडी हे कामवारी नदीच्या काठचे जुने बंदर. एके काळी गलबतांतून आणि होड्यांतून येथील माल खाडीवाटे ये-जा करीत असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोहोचली. परंतु रूळ पडले ते खाडीच्या दक्षिणेस आणि भिवंडी राहिली उत्तरेस. तेव्हापासून दूरच्या प्रवासास निघालेला भिवंडीकर दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडी ओलांडून कल्याण गाठू लागला. पुढे पुष्कळ वर्षांनी दिवा-वसई मार्ग झाला आणि त्यावर ‘भिवंडी रोड’ हे स्थानक आले. तोवर कल्याणचा फलाट हीच जणू भिवंडीची वेस होती. लेकी सासरी जाताना, मुले शिक्षणासाठी मुंबईस जाताना, वडीलधारे यात्रेस निघताना डोळे पुसले जात ते तेथेच.

आगगाडी आणि छायाचित्रणाची कला या दोहोंची पावले आपल्या प्रांतात जवळजवळ एकाच वेळी उमटली. ज्या १८५४ साली आगगाडी कल्याणास आली, त्याच साली मुंबईत छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही त्या आरंभीच्या काळात या कलेत नाव मिळविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे प्रचंड काम सुरू झाले. १८६१ च्या आरंभी त्या कामावर ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. १८६३ साली घाटातून गाडी धावू लागली. त्या कामाची जुनी छायाचित्रे आजही जपलेली आहेत. त्यांत पूल दिसतात, बोगदे दिसतात, कड्याच्या कुशीत मुंग्यांसारखी माणसेही दिसतात. पुलाचा ठेकेदार कोण, अभियंता कोण, हे आपणास सांगता येते. परंतु डोक्यावर पाटी घेतलेली ती माणसे कोणत्या गावची, त्यांना काय नावाने हाक मारीत, हे कोणी लिहून ठेवले नाही.

रेल्वेमुळे वाढलेल्या लहान गावांतही असेच घडले. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीचे उदाहरण घ्या. बार्शी लाइट रेल्वेची, अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी गाडी १८९७ साली तेथून सुरू झाली. पुढे तेथे रेल्वेचा कारखाना आला आणि गाव वाढले. आता त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. तिच्या इंजिनांची छायाचित्रे देशोदेशीच्या हौशी मंडळींनी आवडीने घेतली. पण इंजिनात कोळसा टाकणारा, रुळांचे सांधे बदलणारा, हिरवा कंदील हलविणारा मनुष्य पाहावयाचा असेल, तर त्याच्या नातवाच्या घरची पेटीच उघडावी लागेल. यंत्राचे चित्र परका मनुष्यही काढतो; माणसाचे चित्र मात्र बहुधा त्याचे घरच जपून ठेवते.

मुलांनो, जुने छायाचित्र केवळ पाहावयाचे नसते, ते वाचावयाचे असते. आमच्या काशीयात्रेचे छायाचित्र कोणत्या साली काढले, हे मागे लिहिलेले नव्हते. तरीही ते शोधून काढता आले. कसे, ते पाहा. डब्याच्या वर विजेच्या तारा दिसतात. आपल्या देशातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत धावली आणि १९३० पर्यंत या तारा कल्याणवरून पुण्यापर्यंत पोहोचल्या. म्हणजे छायाचित्र त्यापूर्वीचे नव्हे. डब्यावर ‘जी. आय. पी.’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती रेल्वे ‘मध्य रेल्वे’त विलीन झाली. म्हणजे छायाचित्र साधारणतः त्यापूर्वीचे. अर्थात सर्वच डब्यांवरील अक्षरे एका रात्रीत बदलली नसतील. म्हणून अनुमान बांधताना थोडी सैल जागा ठेवावी. आता आत्याकडे पाहा. ती आठ-नऊ वर्षांची दिसते आणि तिचा जन्म १९३८ चा. तेव्हा छायाचित्र १९४६ किंवा १९४७ सालचे असावे.

अशा खुणा पुष्कळ सापडतात. दुकानाच्या पाटीवर भाव आण्यांत लिहिलेला असेल, तर ते चित्र बहुधा १९५७ च्या आसपासचे किंवा त्यापूर्वीचे. कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले. फलकावर ‘मुंबई राज्य’ असे शब्द असतील, तर महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, हे आठवा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते चित्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. छायाचित्र काढणाऱ्याला मध्यभागी उभी असलेली माणसेच टिपावयाची असतात. पण कोपऱ्यात नकळत आलेली पाटी, दिव्याचा खांब, टांगा किंवा दिनदर्शिका आपणास वर्ष सांगून जाते.

याप्रमाणे वर्ष बुद्धीने काढता येते. नाव मात्र बुद्धीने काढता येत नाही. ते कोणीतरी सांगावेच लागते.

आमच्या आत्याला त्या अकराही जणांची नावे ठाऊक होती. मी विचारले की ती म्हणे, “अरे, सगळे तोंडपाठ आहेत मला. एकदा निवांत बस, म्हणजे एकेकाची गोष्ट सांगते.” मी तेव्हा शाळेत मुलांना इतिहास शिकवीत होतो, राजांच्या वंशावळी फळ्यावर लिहीत होतो. आज बसू, उद्या बसू, सुट्टीत बसू, असे म्हणता म्हणता वर्षे गेली. एका आषाढात आत्या गेली. त्या अकरा जणांपैकी आज मला चौघांचीच नावे सांगता येतात. आजोबांच्या खांद्यावर हात ठेवणारे ते गृहस्थ कोण, हे आता आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही.

वेषावरून ते विणकर असावेत, एवढा तर्क मी करतो. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडील अनेक विणकर कुटुंबे भिवंडीत येऊन स्थिरावली. त्यांनी येथे हातमाग चालविले. १९३० नंतरच्या काळात यंत्रमाग आले, आणि पुढे तेलुगू भाषिक विणकर व देशाच्या निरनिराळ्या भागांतील कामगारही या गावाचे झाले. मागांच्या खडखडाटाने भिवंडी देशभर ओळखली जाऊ लागली. याच गावाने १९७० आणि १९८४ साली दंगलींचा दाहही सोसला. त्या दुःखाच्या नोंदी वृत्तपत्रांत आहेत, सरकारी दप्तरांतही आहेत. परंतु काशीस निघालेल्या मित्राला निरोप देण्यासाठी एक विणकर खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला, ही नोंद कोणत्याही दप्तरात नाही. तिला पुरावा आहे तो या एका छायाचित्राचा. आणि त्यातील नाव आम्ही आमच्या आळसाने गमावले.

आज भिवंडीचे रूप झपाट्याने पालटत आहे. मुंबई-नाशिक रस्त्याच्या आसपास, जेथे भाताची खाचरे होती, तेथे प्रचंड गोदामे उभी आहेत. कित्येक जुने माग भंगारात गेले. कौलारू घरे पाडून इमारती होत आहेत. घर पाडताना भांडीकुंडी आपण नीट उचलतो. पेटीतील पिवळी पडलेली चित्रे मात्र कचऱ्यात जातात. भिंत पुन्हा बांधता येते, चित्र पुन्हा काढता येत नाही. कारण त्यातील माणसे पुन्हा उभी राहावयाची नाहीत.

हे ओळखून काही मंडळींनी मोलाचे काम आरंभिले आहे. २०१० साली मुंबईत अनुषा यादव यांनी ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या नावाने घरोघरची जुनी छायाचित्रे आणि त्यांच्यामागील हकिगती एकत्र करण्यास प्रारंभ केला. प्रत्येक चित्राची कथा त्या कुटुंबातील मनुष्याने सांगावयाची, हे त्या उपक्रमाचे वैशिष्ट्य. असे काम एखाद्या गल्लीपुरते, एखाद्या शाळेपुरते तुम्हीही करू शकाल. त्यासाठी थोडी शिस्त मात्र पाळावी लागते.

प्रथम घरातील मोठ्यांची अनुमती घ्या. चित्र हाताळताना हात स्वच्छ व कोरडे असावेत आणि ते कडांना धरावे. चित्रावर किंवा त्याच्या मागे शाईने लिहू नका. शाई कागदातून पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, मागील कडेला, हलक्या हाताने क्रमांक घाला आणि माहिती वहीत लिहा. डिंकाने चिकटवू नका, चकाकत्या प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमट भिंत हा चित्राचा मोठा शत्रू. म्हणून कोरड्या कागदी पाकिटात, भिंतीपासून दूर, ते सपाट ठेवा. दुसऱ्याच्या घरचे चित्र असेल, तर ते घरी नेऊ नका. सावलीतील स्वच्छ उजेडात, मोबाइलच्या दिव्याची चमक न पाडता, तेथल्या तेथे त्याची प्रत काढा आणि मूळ चित्र मालकाच्या हाती परत द्या. ती प्रत इतरांना दाखविण्यापूर्वीही त्यांना विचारा.

मग वहीत पाच गोष्टी लिहा: चित्रात कोण आहेत, ते कोठे काढले, केव्हा काढले, प्रसंग कोणता, आणि ही माहिती कोणी सांगितली. नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. स्त्रियांच्या बाबतीत ‘अमक्यांची पत्नी’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचे स्वतःचे नाव विचारा. ज्याची खात्री नसेल, त्यापुढे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा. खोटे नाव घालण्यापेक्षा जागा रिकामी ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. केवळ मोठ्या वाड्यांतील तसबिरी गोळा केल्या, तर गावाचा इतिहास एका डोळ्याने पाहिल्यासारखे होईल. खाडीवर जाळे टाकणारा कोळी, कांड्या भरणाऱ्या बाया, रात्रपाळीचा कामगार, टांगेवाला यांच्या घरीही जा. एखाद्या घरात छायाचित्र म्हणून केवळ एका ओळखपत्रावरचा लहानसा चेहरा असेल. त्याचीही तितक्याच आदराने नोंद करा.

आमच्या छायाचित्राच्या नोंदीत सहाव्या क्रमांकापुढे मी पेन्सिलीने लिहिले आहे: “आजोबांचे मित्र. नाव कळले नाही.” ती ओळ मी अजून खोडलेली नाही, कारण मला आशा आहे. याच गावात कोणाच्या तरी घरी एक पेटी असेल. तिच्यात याच उंच, दाढीवाल्या गृहस्थांचे दुसरे एखादे छायाचित्र असेल आणि त्याच्या मागे त्यांचे नाव लिहिलेले असेल. त्या घरातील मुले कदाचित विचारीत असतील, की आपल्या पणजोबांच्या शेजारी उभा असलेला हा पागोटेवाला मनुष्य कोण? त्यांचे उत्तर आमच्या पेटीत आहे आणि आमचे उत्तर त्यांच्या पेटीत. दोन पेट्या एकत्र उघडल्यावाचून दोघांनाही ते मिळणार नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा. एकच छायाचित्र पुढे ठेवा आणि विचारा, “हे कोण?” सुट्टीची वाट पाहू नका.

स्वाध्याय

१. भिवंडीकर मंडळी निरोप देण्यासाठी कल्याण स्थानकात का जमत?

२. लेखकाने छायाचित्राचे वर्ष कोणत्या खुणांवरून ठरविले? क्रमाने लिहा.

३. ‘वर्ष बुद्धीने काढता येते. नाव मात्र बुद्धीने काढता येत नाही.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. लेखकाने सहाव्या क्रमांकापुढची ओळ का खोडली नाही?

५. घरातील एक जुने छायाचित्र घेऊन त्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाठात सांगितलेल्या पाच गोष्टी वहीत लिहा.