आर्किटेक्चरचं कॉलेज निवडताना

बी.आर्क. पाच वर्षांचं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. राज्यातल्या कॉलेजांना नाटा या प्रवेश परीक्षेचे गुण आणि सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेशाची (कॅप) फेरी पुरते. नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा दिल्ली, भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) जायचं, तर जेईई मेनचा पेपर 2 द्यावा लागतो.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आधी तपासा, तीही चालू वर्षाची. 1972 च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही.

मुंबईचं जे.जे. 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथल्या शुल्काचे आणि प्रवेशाचे नियम नव्याने वाचा. पुण्यात कर्वेनगरचं भानुबेन नानावटी कॉलेज फक्त मुलींसाठी आहे.

तिकोणा पेठ या आपल्या गावातल्या मुलांपुढे खरा प्रश्न अंतराचा. कामशेत गाठून पुण्याची लोकल धरता येते, पण स्टुडिओचं काम रात्रीपर्यंत चालतं आणि सबमिशनच्या आठवड्यात रोजची ये-जा झेपत नाही. शुल्काच्या शेजारी वसतिगृह, लॅपटॉप आणि मॉडेलच्या साहित्याचा खर्चही मांडा.

प्रवेशाआधी स्टुडिओत जाऊन या. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचारा, मोजमाप घेऊन नकाशे काढायला कुठे नेतात? बेडशाची लेणी, 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला लोहगड, पवनाकाठची जुनी घरं: हे सगळं आपल्या दारात आहे. अशा जागी टेप घेऊन उभं करणारं कॉलेज चकचकीत इमारतीच्या कॉलेजपेक्षा मी वर ठेवेन.