दडवलेल्या ठेव्याचा खेळ

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे जुने गाव आहे. इ. स. १७२४ मध्ये या गावाच्या परिसरात निजाम-उल्-मुल्क व मुबारिझखान यांच्यात मोठी लढाई झाली. तीत मुबारिझखान मारला गेला आणि या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा असे नवे नाव मिळाले. तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव टिकले आणि आजही तेच चालते. राजवटी बदलल्या की गावांची नावे बदलतात. परंतु पृथ्वीच्या पाठीवर त्या गावाची जागा सांगणारे आकडे मात्र बदलत नाहीत. साखरखेर्डा विसाव्या उत्तर अक्षवृत्ताच्या थोडे उत्तरेस आणि शहात्तराव्या पूर्व रेखावृत्ताच्या थोडे पूर्वेस आहे. लढाईच्या दिवशी ते जेथे होते, तेथेच आजही आहे.

अक्षांश आणि रेखांश हे शब्द भूगोलाच्या तासाला पाठ केले जातात आणि परीक्षा संपली की बहुधा विसरले जातात. परंतु याच आकड्यांच्या आधाराने जगातील अनेक देशांत एक मौजेचा खेळ खेळला जातो. त्याचे नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. हा शब्द मूळचा ग्रीक. 'कॅश' हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ वस्तू दडवून ठेवण्याची जागा असा आहे. रोख पैशाशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत या खेळाला 'दडवलेल्या ठेव्याचा शोध' असे म्हणता येईल.

खेळ दिसतो साधा. एक मनुष्य एखादी डबी रानात, टेकडीवर किंवा जुन्या भिंतीच्या सांदीत दडवतो. डबीत एक लहानशी वही असते आणि कधी कधी चार किरकोळ वस्तू असतात. मग तो त्या जागेचे अक्षांश व रेखांश सर्वांना कळवतो. ते आकडे घेऊन दुसरा मनुष्य, जो त्याला कधीही भेटलेला नसतो, डबी शोधण्यास निघतो. सापडली की वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबी पुन्हा जागच्या जागी ठेवायची. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, पंचही नाही.

या खेळाचे मूळ बरेच जुने आहे. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. तेथील जेम्स पेरट हा वाटाड्या प्रवाशांना क्रॅनमिअर नावाच्या एका दुर्गम दलदलीच्या जागेपर्यंत नेत असे. इ. स. १८५४ मध्ये त्याने तेथे एक बाटली ठेवली. जो कोणी तेथवर पोहोचेल, त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, एवढाच हेतू. पुढे त्या माळरानावर अशी अनेक पेटाऱ्यांची ठिकाणे निर्माण झाली. शोधणारे आपल्याबरोबर स्वतःचा रबरी शिक्का नेतात, पेटीतील वहीत तो उमटवतात आणि पेटीतील शिक्का आपल्या वहीत उमटवून घेतात.

आकड्यांवरून डबी शोधणे मात्र अलीकडेच शक्य झाले. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे किमान २४ उपग्रह फिरत असतात आणि सतत वेळेचे संदेश पाठवत असतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून हातातील यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. असे चार उपग्रह दिसले की यंत्राला आपली जागा कळते. पूर्वी हे संदेश सामान्य माणसाला मुद्दाम थोडे चुकीचे मिळत असत. त्यामुळे जागा सांगण्यात १०० मीटरपर्यंत चूक होई. इ. स. २००० च्या मे महिन्याच्या प्रारंभी अमेरिकन सरकारने ही मुद्दाम केलेली चूक बंद केली आणि यंत्रे एकाएकी कितीतरी अचूक झाली.

ही अचूकता किती, याचे गणित सोपे आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर भरते. अंशाचे साठ भाग केले की एक कला होते. ती सुमारे १,८५० मीटर भरते. ठेव्याची जागा सांगताना कलेचाही हजारावा भाग लिहितात, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. तथापि हातातील यंत्र इतके अचूक नसते. ते शोधणाऱ्याला झाडापाशी नेऊन सोडते. डबी मुळाशी आहे की ढोलीत, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

ती चूक बंद झाल्यावर एक-दोन दिवसांतच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थाने अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली जमिनीत अर्धवट पुरून ठेवली. तीत पुस्तके, एक गलोल, शेंगदाण्यांचा नव्हे तर घेवड्याचा एक बंद डबा आणि इतर काही वस्तू होत्या. सोबत एक वही व पेन्सिलही होती. त्याने जागेचे आकडे प्रसिद्ध केले आणि नियम सांगितला: काही घ्या, काही ठेवा. थोड्याच दिवसांत माईक टीग या गृहस्थाने ती बादली प्रथम शोधून काढली.

गमतीची गोष्ट अशी की, ही पहिली बादली आजच्या नियमांत बसणारी नाही. आज ठेवा जमिनीत पुरण्यास मनाई आहे. कारण पुरलेल्या वस्तूसाठी लोक जागोजाग जमीन उकरतील आणि झाडांची मुळे उघडी पडतील. खाद्यपदार्थ ठेवण्यासही मनाई आहे. कारण वासाने प्राणी येतात, डबी फोडतात आणि कधी तोंडात प्लास्टिक जाऊन स्वतःही अपाय करून घेतात. म्हणजे हे नियम कोणी आधी बसून लिहिले नव्हते. खेळता खेळता काय बिघडते, हे दिसले आणि त्यातून ते घडत गेले.

काही नियम तर आजही कागदापेक्षा खेळणाऱ्यांच्या मनातच अधिक आहेत. डबीतून एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू तीत ठेवावी. काही ठेवायचे नसेल, तर काही घेऊ नये. वहीत सही केल्यावाचून ठेवा सापडला असे सांगू नये. शोधून काढलेली युक्ती दुसऱ्यास सांगून त्याचा आनंद हिरावू नये. डबी जशी सापडली, तशीच ठेवावी. अधिक चांगली जागा दिसली, तरी ती हलवू नये, कारण प्रसिद्ध केलेले आकडे त्याच जागेचे असतात. येताना वाटेत पडलेला कचरा उचलून आणावा. आणि शेतातून जायचे असेल, तर शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. उभ्या सोयाबीनमधून किंवा कपाशीतून जवळची वाट काढू नये.

आणखी एक मजेदार नियम आहे. खेळ ठाऊक नसलेल्या लोकांच्या देखत डबी काढू नये. नाहीतर कोणी ती निरुपयोगी समजून फेकून देईल. म्हणून कोणी जवळून जाऊ लागले की शोधणारा बुटाची नाडी बांधू लागतो, पक्षी पाहतो किंवा उगाच घड्याळाकडे बघतो. मात्र या लपवाछपवीलाही मर्यादा आहे. काही देशांत अशी डबी पाहून लोकांना घातपाताचा संशय आला, पोलीस धावून आले, रस्ते बंद झाले आणि निरुपद्रवी डबी नष्ट करावी लागली. म्हणून रेल्वेचा पूल, विमानतळ, सैन्याचे ठाणे, शाळा यांच्याजवळ ठेवा ठेवत नाहीत. डबीवर ती कशाची आहे हे स्पष्ट लिहितात. कोणी विचारल्यास खरे सांगतात. गुपित राखणे हा खेळ आहे. लोकांना भीतीत टाकणे हा खेळ नव्हे.

शोधणाऱ्यांना करावी लागणारी कामेही नाना तऱ्हांची असतात. कोठे आकडे सरळ दिलेले नसतात. एक कोडे सोडवले की ते मिळतात. कोठे पहिल्या जागी दुसऱ्या जागेचा पत्ता आणि दुसऱ्या जागी तिसऱ्या जागेचा पत्ता असतो. काही ठेवे रात्रीच शोधायचे असतात. विजेरीचा प्रकाश पडला की झाडांवर लावलेले लहान तुकडे चमकतात आणि वाट दाखवतात. काही डब्या बोटाच्या टोकाएवढ्या असतात आणि त्यांतील कागदाची सुरळी चिमट्याने काढावी लागते. काही डब्यांत क्रमांक कोरलेले बिल्ले असतात. त्यांच्या मालकाने त्यांना एखादे काम दिलेले असते: अमुक पर्वत पाहून ये, अमुक समुद्रापर्यंत जा. शोधणारे त्यांना एका डबीतून दुसऱ्या डबीत पुढे पोहोचवतात. इ. स. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट या अंतराळप्रवाशाने असा एक बिल्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला. इ. स. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' या यंत्रावरही असा एक सांकेतिक क्रमांक आहे.

काही जागा इतक्या नाजूक असतात की तेथे डबी ठेवणेही योग्य नसते. त्यांच्यासाठी इ. स. २००४ मध्ये 'पृथ्वीचा ठेवा' हा प्रकार सुरू झाला. यात डबीच नसते. शोधणाऱ्याने त्या जागी जावे, खडक, माती, पाणी यांचे निरीक्षण करावे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवावीत, एवढेच. अशा अभ्यासाला योग्य असे एक स्थळ साखरखेर्ड्याच्या आग्नेयेस, त्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. ते म्हणजे लोणारचे सरोवर. बेसाल्ट खडकावर आकाशातून अशनी आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्यातील पाणी खारट व क्षारयुक्त आहे. काठावरील खडकाचे थर कोणत्या दिशेला कललेले आहेत? आतील व बाहेरील उतारात कोणता फरक दिसतो? अशा प्रश्नांची उत्तरे तेथे उभे राहूनच देता येतात. मात्र तेथील एकही खडा खिशात घालून आणता कामा नये. प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक खडा उचलला, तर उद्याच्या विद्यार्थ्याला पाहण्यासाठी काय उरेल?

याच प्रकारचा आणखी एक छंद आहे. अक्षांशाचा पूर्ण अंश आणि रेखांशाचा पूर्ण अंश जेथे एकमेकांना छेदतात, तेथे जाऊन यायचे. हा उपक्रम इ. स. १९९६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेक्स जॅरेट या गृहस्थाने सुरू केला. पृथ्वीवर असे बिंदू ६४,४४२ आहेत. दोन ध्रुव सोडले, तर १७९ अक्षवृत्ते आणि ३६० रेखांश यांचा गुणाकार करून त्यात ते दोन ध्रुव मिळवले की ही संख्या येते. त्यांतील बहुतेक समुद्रात आहेत. परंतु २० अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्व हा बिंदू देऊळगाव राजाच्या परिसरात, बुलढाणा व जालना जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. अशा बिंदूपासून १०० मीटरच्या आत पोहोचावे, यंत्रावरील आकड्यांचे आणि चारही दिशांचे छायाचित्र घ्यावे, प्रवासाचा वृत्तान्त लिहावा, असा रिवाज आहे. यंत्रावर सगळी शून्ये यावीत म्हणून माणसे शेवटी चार पावले पुढे, दोन मागे, एक आडवे असे करू लागतात. दुरून पाहणाऱ्याला तो नाचच वाटतो! या छंदात तेथे काही ठेवायचे नाही आणि खूणही करायची नाही. बिंदूवर काही नसते; असते ती कोणाची तरी जमीन, तिच्यातले पीक आणि तेथवर चालत गेल्याचे समाधान.

या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. डबी रानात एकटी असते. तिच्यावर पहारा नसतो, कुलूप नसते. कोणी वही फाडली, सर्व वस्तू पळवल्या किंवा डबी दरीत भिरकावली, तर त्याला त्या क्षणी पाहणारा कोणी नसतो. तरीही डबी वर्षानुवर्षे जागेवर राहते. कारण शेकडो अनोळखी माणसांतील प्रत्येकाने ती नीट परत ठेवलेली असते. त्या साखळीतील एकाने जरी हात आखडला, तरी मागाहून येणारा मनुष्य मैलोगणती चालून रिकाम्या हातांनी परततो. त्याला अपराध्याचे नाव कधीही कळत नाही आणि अपराध्यालाही त्याची निराशा दिसत नाही.

महाराष्ट्रातील उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई असते. रांजणावर झाकण असते आणि त्यावर एक पेला पालथा घातलेला असतो. पाणी पिऊन झाल्यावर वाटसरू पेला पुन्हा तसाच पालथा घालतो आणि झाकण नीट बसवतो. त्याला तसे करण्यास कोणी सांगत नाही. पुढचा वाटसरू कोण असेल, हे त्याला ठाऊक नसते. पण त्यालाही तहान लागलेली असेल, हे ठाऊक असते. दडवलेल्या ठेव्याच्या खेळातील सारे अलिखित नियम एवढ्याच जाणिवेवर उभे आहेत.