विश्लेषण : इजा आधी, वेदना नंतर! हायड्रोफ्लोरिक ॲसिड इतके घातक का? अंगावर पडल्यास काय करावे?

सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब हातावर पडला, की लगेच आग होते आणि हात आपोआप नळाखाली जातो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड मात्र हा इशारा देतेच असे नाही. सौम्य द्रावण असेल तर ना आग होते, ना फोड येतो. कामगार हात पुसून पुढच्या कामाला लागतो आणि काही तासांनी, कधी रात्री घरी गेल्यावर, बोटे असह्य ठणकू लागतात. तोपर्यंत ॲसिड त्वचेखाली खोलवर पोहोचलेले असते. प्रयोगशाळांपासून फॅब्रिकेशनच्या शेडपर्यंत वापरल्या जाणाऱ्या या रसायनाविषयी जाणून घेऊया.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड कुठे वापरतात?

हायड्रोजन फ्लोराइड हा वायू पाण्यात विरघळला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होते. उद्योगात त्याला ‘एचएफ’ म्हणतात. शुद्ध हायड्रोजन फ्लोराइड १९.५ अंश सेल्सिअसलाच उकळते. फ्रीज आणि एसीमधील वायू, टेफ्लॉनसारखे प्लास्टिक आणि अनेक औषधांतील फ्लोरिनयुक्त घटक यांच्या निर्मितीची सुरुवात एचएफपासून होते. सेमीकंडक्टर चिप तयार करताना सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर काढण्यासाठीही तेच लागते. एचएफ काच खाते. म्हणून काचेवर नक्षी कोरण्यासाठी ते वापरतात, आणि म्हणूनच ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही.

मोठ्या कंपन्यांबाहेरही ते आढळते. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवरचा काळा-निळा डाग काढणाऱ्या ‘पिकलिंग पेस्ट’मध्ये सहसा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचे मिश्रण असते. कपड्यांवरचे गंजाचे डाग घालवणारी आणि ॲल्युमिनियम चकचकीत करणारी काही उत्पादने एचएफ किंवा अमोनियम बायफ्लोराइडवर आधारित असतात. बायफ्लोराइडची पावडर पाण्यात विरघळली की धोका जवळपास तोच राहतो.

‘सौम्य’ ॲसिड असूनही ते जीवघेणे का?

रसायनशास्त्राच्या भाषेत एचएफ हे सौम्य ॲसिड आहे. म्हणजे पाण्यात त्याचे रेणू फारसे तुटत नाहीत. गोम इथेच आहे. अखंड राहिलेल्या रेणूवर विद्युतभार नसतो आणि तो लहानही असतो. त्यामुळे तो त्वचेतून सहज आत शिरतो. आत गेल्यावर फ्लोराइड सुटे होते आणि शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियमला घट्ट पकडते.

कॅल्शियम केवळ हाडांसाठी लागत नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूंची हालचाल आणि नसांचे संदेश त्यावर अवलंबून असतात. रक्तातील कॅल्शियम अचानक घटले आणि पोटॅशियम वाढले, की हृदयाची लय बिघडते आणि ते बंद पडू शकते. त्यामुळे एचएफचे भाजणे ही केवळ त्वचेची जखम नसते, ती विषबाधाही असते. ५० टक्क्यांहून तीव्र ॲसिड तळहाताएवढ्या भागावर, म्हणजे शरीराच्या सुमारे एक टक्का त्वचेवर पडले, तरी जिवाला धोका संभवतो.

वेदना किती उशिरा सुरू होते?

हे तीव्रतेवर अवलंबून असते. ५० टक्क्यांहून तीव्र ॲसिड लगेच भाजते. २० ते ५० टक्के असेल, तर लक्षणे १ ते ८ तासांनी दिसू शकतात. २० टक्क्यांहून कमी असेल, तर २४ तासही लागू शकतात. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा समज इथे सर्वात घातक ठरतो. संपर्क आल्याची नुसती शंका असली, तरी संपर्क झालाच असे धरून उपचार सुरू करावे लागतात.

आतापर्यंतच्या दुर्घटना काय सांगतात?

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे एका प्रयोगशाळेत ३७ वर्षांच्या तंत्रज्ञाच्या मांडीवर ७० टक्के तीव्रतेचे १०० ते २३० मिलीलीटर एचएफ सांडले. सुमारे नऊ टक्के त्वचा भाजली. त्याच्या अंगावर पुरेशी संरक्षक साधने नव्हती. पाइपच्या बारीक धारेने धुतल्यानंतर त्याने शेजारच्या जलतरण तलावात उडी घेतली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिथेच राहिला. कॅल्शियमचे जेल लावले गेले नाही. पुढे त्याचा पाय कापावा लागला, तरीही पंधराव्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

दक्षिण कोरियातील गुमी शहरात २७ सप्टेंबर २०१२ रोजी टँकरमधून एचएफ उतरवताना सुमारे आठ टन वायू गळला. पाच जणांचा मृत्यू झाला, हजारो लोकांवर उपचार करावे लागले आणि आसपासच्या शेतातील पिके करपली.

अंगावर पडल्यास काय करावे?

- लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली जा. कपडे, घड्याळ, अंगठी पाण्याखालीच काढा.
- २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असेल, तर पाच मिनिटे धुऊन लगेच जेल लावा. नसेल, तर किमान १५ मिनिटे किंवा मदत मिळेपर्यंत धुत राहा. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घातलेले असावेत.
- जेल चोळत राहा, पुन्हा पुन्हा लावा आणि तसेच रुग्णालय गाठा. जेलमधील कॅल्शियम फ्लोराइडला पकडून ठेवते.
- डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुवा. हे जेल डोळ्यात घालू नका.
- वाफ श्वासात गेली असल्यास मोकळ्या हवेत न्या. बरे वाटत असले, तरी डॉक्टरांना दाखवा. पोटात गेल्यास उलटी करवू नका.
- रुग्णालयात ‘ॲसिड पडले’ एवढेच सांगू नका. ‘हायड्रोफ्लोरिक ॲसिड’ असे नाव, तीव्रता आणि वेळ सांगा. बाटलीवरच्या लेबलचा फोटो आणि सेफ्टी डेटा शीट सोबत न्या. ईसीजी आणि रक्तातील कॅल्शियम तपासायचे, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.

एक महत्त्वाची बाब म्हणजे वेदना थांबणे ही उपचार लागू पडत असल्याची खूण असते. त्यामुळे जागा बधिर करणारे मलम स्वतःहून लावू नये.

हाताळताना कोणती काळजी घ्यावी?

एचएफचे काम फ्यूम हूडमध्ये आणि दुसरी माणसे हाकेच्या अंतरावर असतानाच करावे. प्रयोगशाळेतील नेहमीचे पातळ नायट्राइल हातमोजे पुरेसे नाहीत. निओप्रीन किंवा ब्यूटाइल रबरचे जाड हातमोजे, चेहरा झाकणारी शील्ड आणि रासायनिक ॲप्रन लागतो. घालण्यापूर्वी हातमोज्याला बारीक छिद्र नाही ना, हे तपासावे.

सांडलेल्या ॲसिडवर वाळू टाकण्याची सवय इथे महागात पडते. वाळूतील सिलिकाशी एचएफची क्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघतो. त्याऐवजी चुना किंवा कॅल्शियम कार्बोनेट वापरतात आणि तेही प्रशिक्षित व्यक्तीनेच टाकायचे असते.

कामगार काय विचारू शकतात?

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियेतील धोक्यांची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक झाले. अडचण छोट्या शेडमध्ये येते. तिथे पेस्टचा डबा उघडा असतो, लेबल पुसलेले असते आणि कंत्राटी कामगाराला ते ‘पॉलिशचे केमिकल’ एवढेच माहीत असते.

त्यामुळे डबा उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हवेत. यात एचएफ किंवा बायफ्लोराइड आहे का? कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवले आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही ना? जवळच्या कोणत्या रुग्णालयात यावर उपचार होतात? जेल कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली रात्रपाळीला नसलेल्या साहेबांकडे असेल, तर ते नसल्यासारखेच आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत काम सुरू करू नये.