मोठं अक्षर, छोटं अक्षर आणि हरवलेला हप्ता

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंचा कर्जाचा हप्ता कॉम्प्युटरमध्ये सापडेना. पावती त्यांच्या हातात होती, पण नोंद नव्हती. चार बायांसमोर काकूंचा चेहरा उतरला. शोधलं तेव्हा कळलं, इंग्रजीत ‘बचत’ नाव दिलेल्या दोन फायली होत्या. एकीत बी हे अक्षर मोठं, दुसरीत छोटं. हप्ता दुसरीत जाऊन बसला होता.

आपला कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. विंडोज मोठा बी आणि छोटा बी एकच समजतं. लिनक्स मात्र ती दोन वेगळी नावं धरतं.

माझ्या भाच्याचंही हेच झालं. स्कायरिम नावाच्या खेळात तो नवी चित्रं, नवे पोशाख टाकतो. त्याला मॉड म्हणतात. मॉड बनवणारे बहुतेक जण विंडोजवाले, त्यामुळे नावातल्या मोठ्या-छोट्या अक्षरांकडे ते बघत नाहीत. लिनक्सवर मग एकाच नावाचे दोन फोल्डर झाले आणि अर्धी चित्रं खेळात दिसेनात.

यावर उपाय आहे. 2019 साली आलेल्या लिनक्स 5.2 पासून, ईएक्सटी4 पद्धतीच्या डिस्कवर एखाद्या फोल्डरला ‘अक्षर मोठं की छोटं ते बघू नको’ असं सांगता येतं. आधी डिस्कवर ‘केसफोल्ड’ ही सोय सुरू करावी लागते. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. मग नवा, रिकामा फोल्डर करायचा. टर्मिनलमध्ये छोट्या अक्षरांत सी-एच-ए-टी-टी-आर लिहायचं, जागा सोडायची, अधिकचं चिन्ह आणि त्याला लागून एफ, पुन्हा जागा आणि फोल्डरचं नाव. हा एफ मात्र मोठाच हवा! फोल्डरमध्ये आधीच काही असेल तर हे चालत नाही. जुने फोल्डर त्यात ओढून नेऊ नका, कॉपी करा. ओढून नेलेला फोल्डर जुन्याच सवयीचा राहतो.

आता महत्त्वाचं. खेळाच्या फायली गेल्या तर परत आणता येतात, हिशोबाच्या येत नाहीत. आमच्या दोन्ही ‘बचत’ फायली अशा फोल्डरमध्ये टाकल्या असत्या, तर तिथे एकच नाव उरतं. दुसरी फाईल पहिलीवर बसली असती आणि एकीतल्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. म्हणून आधी पेनड्राईव्हवर प्रत घ्या, दोन्हींतल्या नोंदी वहीशी ताडून एका फाईलमध्ये आणा, मगच पुढचं.

हिशोबासाठी त्याहून सोपी वाट आहे. फाईलला मराठीत नाव द्या. आपल्या देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नसतंच. गटाचं नाव, महिना, वर्ष एवढं ठरवा आणि सगळ्यांनी तसंच लिहा.

काकूंचा हप्ता आम्ही त्याच बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तुमच्या गटाच्या फायलीही आज एकदा उघडून बघा.