४ जीबीची मर्यादा नेमकी कशाची?

३२ बिट प्रोसेसरला ४ जीबीहून जास्त रॅम वापरताच येत नाही, ही समजूत चुकीची आहे. ३२ बिटांत मावतो तो आभासी पत्ता, म्हणजे प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता. रॅममधल्या जागेचा भौतिक पत्ता त्याहून मोठा असू शकतो. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रोबरोबर पीएई ही सोय आणली. पेज टेबलातली, म्हणजे आभासी पत्त्यावरून भौतिक पत्ता सांगणाऱ्या तक्त्यातली, नोंद ४ ऐवजी ८ बाइटांची झाली, भौतिक पत्ता ३६ बिटांचा झाला आणि मर्यादा ६४ जीबीवर गेली.

म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमला ६४ जीबी मिळते, असेही नाही. त्याचा आभासी पत्ता ३२ बिटांचाच राहतो. कर्नलचीही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचीही, तीच अडचण. ३२ बिट एक्स८६ लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत कर्नलच्या वाट्याला १ जीबी आभासी जागा येते आणि तीत थेट जोडलेली रॅम जेमतेम ८९६ एमबी. त्यावरची रॅम, म्हणजे हायमेम, गरजेपुरती जोडून घ्यावी लागते. शिवाय रॅमच्या ४ केबीच्या प्रत्येक पानामागे (पेजमागे) सुमारे ३२ बाइटांची नोंद ठेवावी लागते. ६४ जीबीसाठी या नोंदीच ५१२ एमबी खातात, त्याही त्या ८९६ मधून! कागदावरचे ६४ जीबी व्यवहारात म्हणूनच झेपत नाहीत.

सर्वांत घातक गैरसमज प्रोग्रॅमरांचा आहे: मोठ्या भौतिक पत्त्याच्या हिशेबाचे उत्तर ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले की काम झाले. पान क्रमांक १३,१०,७२० घेऊन १२ बिट डावीकडे सरकवले, की ५ जीबीवरचा पत्ता मिळायला हवा. पण क्रमांक ३२ बिटांचा असेल तर सी भाषा हिशेबही ३२ बिटांतच करते. ३३वा बिट गळतो, उरतो १ जीबीवरचा पत्ता, आणि कर्नल भलत्याच पानावर लिहितो. कम्पायलर सहसा इशाराही देत नाही. कमी रॅमच्या यंत्रावर कितीही चाचण्या घेतल्या तरी ही चूक सापडत नाही. क्रमांक आधी भौतिक पत्त्यासाठीच्या रुंद प्रकारात बदलावा, मगच सरकवावा. लिनक्समध्ये हा प्रकार ‘फिज_अ‍ॅडर_टी’ या नावाने आहे.

६४ बिट कर्नलमध्ये ४ जीबीचा प्रश्न पुरता मिटतो, असेही नाही. काही उपकरणे डीएमए करताना, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट रॅमशी देवाणघेवाण करताना, ३२ बिटांचेच पत्ते देऊ शकतात. त्यांच्यासाठी आयओएमयू हा हार्डवेअर घटक पत्ता बदलून देतो, नाहीतर डेटा ४ जीबीखालच्या बफरमधून नेला जातो. एक्स८६वरचा ६४ बिट लिनक्सही ४ जीबीखालची रॅम ‘डीएमए३२’ झोन म्हणून वेगळी धरतो, ती याच उपकरणांसाठी.